हृदय-फुप्फुस यंत्र आणि रक्तातील पांढऱ्या पेशी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकारिणीने यंदा आम्हांस आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आरोग्य हा विषय एवढा अफाट की त्यात कोठून शिरावे हेच आम्हांस सुचेना. शेवटी चिटणीसांनी वाट दाखविली. ते म्हणाले, "साहाय्यनिधीकडे अलीकडे जे अर्ज येतात, त्यांत हृदयाच्या शस्त्रक्रियेचे अर्ज पुष्कळ असतात. आणि शस्त्रक्रिया झाली की तीच मंडळी रक्ताचे कागद घेऊन तुमच्या दाराशी येतात. पांढऱ्या पेशी वाढल्या, आता काय करावे, असे विचारतात. त्याविषयीच सांगा." सूचना योग्य होती. आम्ही शस्त्रवैद्य नव्हे. आमचे आयुष्य याच गावी एका लहानशा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजण्यात गेले. तेव्हा ज्याच्याशी आमचा रोजचा संबंध, तेवढेच सांगणे आम्हांस शोभेल.

आपल्या भागात बाभळीचा काटा पायात मोडला नाही असा शेतकरी सापडणे कठीण. काटा रुतला की पहिल्या दिवशी ठणका लागतो, दुसऱ्या दिवशी जागा लाल होते, सुजते, आणि काटा निघाला नाही तर पुढे पू होतो. हा पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या पांढऱ्या पेशी होत. शरीरात परके काही शिरले की रक्तातील या राखणदार पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, भिंतीतून वाट काढून बाहेर पडतात आणि काट्याभोवती गराडा घालतात. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे एली मेच्निकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत बारीक काटा खुपसून हाच गराडा प्रत्यक्ष पाहिला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यास या विद्येतील कार्याबद्दल मिळाले. आमच्याकडचा शेतकरी हा प्रयोग अनवाणी चालून रोजच करीत आला आहे. पारितोषिकाचे मात्र कोणी नाव काढीत नाही.

निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण चार हजार ते अकरा हजार असतात. त्यांत अनेक जाती आहेत, परंतु आज दोनच लक्षात ठेवाव्यात. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी म्हणजे हातघाईवर येणारे शिपाई. यांची संख्या सर्वांत मोठी. लिम्फोसाइट या पेशी शत्रूची ओळख ठेवणाऱ्या. आपला कोण आणि परका कोण हे त्या जाणतात.

आता यंत्राकडे वळू. हृदय हा अवयव अहोरात्र चालणारा. त्याच्या आत छिद्र असेल किंवा झडप बिघडली असेल, तर ती शिवण्यासाठी हृदय थांबविले पाहिजे आणि रिकामे केले पाहिजे. आणि ते थांबले की काही मिनिटांत मेंदू मरतो. हा पेच सोडविण्याची कल्पना अमेरिकेतील जॉन गिबन या शस्त्रवैद्याच्या मनात १९३१ साली, एका मरणोन्मुख स्त्रीजवळ रात्रभर बसले असता आली. त्याने आणि त्याच्या पत्नीने त्यापुढे वीसाहून अधिक वर्षे या यंत्रासाठी खर्ची घातली. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र यंत्राच्या साहाय्याने बुजविण्यात त्याला यश आले. पुढील दोन रुग्ण मात्र दगावले आणि गिबनने ते काम स्वतः सोडून दिले. ते पुढे नेले मेयो क्लिनिकमधील जॉन कर्कलिन याने, १९५५ पासून. आपल्या देशात वेल्लोर आणि मुंबई येथे १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे यंत्र लावून शस्त्रक्रिया होऊ लागल्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले, तेही अशाच यंत्राच्या आधारावर. तो रुग्ण काही तासांतच गेला. परंतु महाराष्ट्रातील हृदयशस्त्रक्रियेची परंपरा सांगताना ती रात्र वगळता येत नाही.

यंत्राची रचना सांगावयास सोपी आहे. हृदयाकडे परत येणारे अशुद्ध रक्त जाड नळ्यांनी बाहेर घेतात. ते एका टाकीत जमते, पंप ते पुढे ढकलतो, मग ते कृत्रिम फुप्फुसातून जाते. तेथे केसासारख्या बारीक पोकळ तंतूंच्या हजारो काड्या असतात; आतून प्राणवायू आणि बाहेरून रक्त वाहते. तेथेच रक्त थंड किंवा ऊन करण्याची सोय असते. नंतर गाळणीतून ते महारोहिणीत, म्हणजे शरीराच्या मुख्य शुद्ध रक्तवाहिनीत परत सोडतात. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन हे औषध आरंभीच भरपूर दिलेले असते. यंत्र चालविणारा तंत्रज्ञ वेगळा असतो. त्यास परफ्युजनिस्ट म्हणतात. शस्त्रवैद्याचे नाव सर्वांस ठाऊक असते, या माणसाचे नाव नातेवाईक कधी विचारीतही नाहीत. त्या दोन-तीन तासांत रुग्णाचे हृदय आणि फुप्फुस तोच असतो.

येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक अतिशय नाजूक जिवंत अस्तर असते. त्या अस्तरावरून वाहताना रक्त शांत राहते, कारण ते त्याचे स्वतःचे घर आहे. यंत्रातील नळ्या कितीही स्वच्छ, कितीही निर्जंतुक असोत, त्या प्लॅस्टिकच्या आहेत. कृत्रिम फुप्फुसातील तंतूंचा पृष्ठभाग सुमारे दोन चौरस मीटर, म्हणजे एका माणसाने झोपावयाच्या सतरंजीएवढा भरतो. मिनिटाला चार-पाच लिटर रक्त त्यावरून जाते. अंगातले एकूण रक्तच पाच लिटरांच्या आसपास. म्हणजे तासाभरात सगळे रक्त त्या परक्या पृष्ठभागावरून पन्नास-साठ वेळा फिरून येते. पायात काटा मोडला तेव्हा काटा एका जागी होता. येथे तो एका जागी नाही. रक्ताच्या थेंबाथेंबाला तो टोचून गेलेला असतो.

रक्तद्रवात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने विरघळलेली असतात. एरवी ती निद्रिस्त असतात. परका पृष्ठभाग भेटला की एकामागून एक जागी होतात आणि त्यांचे लहान तुकडे रक्तात सुटतात. हे तुकडे म्हणजे गावात पिटलेली दवंडीच. यंत्रावर असलेल्या रुग्णांच्या रक्तात असे तुकडे वाढतात हे कर्कलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मोजून दाखविले. ज्याने यंत्र रूढ केले त्यानेच पुढे त्याचा दोष शोधावा, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. दवंडी ऐकून न्यूट्रोफिल पेशी खवळतात. त्यांच्या अंगावर चिकटण्याचे आकडे उगवतात. त्या ताठर होतात आणि केशवाहिन्यांच्या अरुंद बोळांत, विशेषतः फुप्फुसांत, अडकून बसतात. शस्त्रक्रिया संपत आली, हृदय पुन्हा धडधडू लागले आणि फुप्फुसांत रक्त वाहू लागले, म्हणजे या अडकलेल्या शिपायांच्या हातून घरचीच मोडतोड होते. जंतू जाळण्यासाठी जवळ बाळगलेले दाहक पदार्थ त्या तेथेच ओततात. वाहिन्यांचे अस्तर झिरपू लागते आणि पाणी ऊतींत उतरते. शेवटी हेपॅरिनचा परिणाम उतरविण्यासाठी प्रोटामिन देतात, तेव्हा दवंडी पुन्हा एकदा पिटली जाते.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णास पाहावयास गेलेल्या घरच्या माणसांना जे दिसते ते यातूनच आलेले असते. चेहरा सुजलेला, डोळे मिटलेले, हातपाय फुगलेले, अंग थोडे तापलेले, आणि श्वासाचे यंत्र अद्याप लावलेले. जिंतूर तालुक्यातील एका मुलीच्या हृदयात छिद्र असल्याचे शाळेतील आरोग्य तपासणीत आढळले. तिची आजी आमच्याकडे येऊन म्हणाली होती, "रगत अंगाभायेर काढल्यावर लेकरू जित्तं कसं ऱ्हाईल, डाक्तर?" या एका प्रश्नापायी त्या कुटुंबाने दीड वर्ष घालविले. शासनाच्या आरोग्य योजनेतून पैशाची सोय होती. २०१२ साली काही जिल्ह्यांत आणि पुढच्या वर्षी आपल्याकडे आलेली ही योजना २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. अडले ते पैशावाचून नव्हे. अखेर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या रात्री मुलीच्या काकांचा मुंबईहून फोन आला की पोरगी ओळखू येत नाही, पांढऱ्या पेशी अठरा हजार झाल्या, जंतू शिरले, आम्ही तिला दुसरीकडे हलवितो. तिला त्या अवस्थेत हलविणे म्हणजे मरणाच्या दारात नेणे होते. तेथील डॉक्टरांना आधी विचारा, असे आम्ही तीन वेळा बजावले. सुदैवाने त्यांनी विचारले. चौथ्या दिवशी सूज उतरली. ती मुलगी आज नववीत आहे आणि कबड्डी खेळते.

पेशींच्या संख्येचा क्रम बहुधा असा असतो. यंत्र सुरू होताच संख्या खाली येते, कारण यंत्राच्या नळ्या आधी लिटर-दीड लिटर क्षारद्रवाने भरलेल्या असतात आणि त्यात रक्त पातळ होते. शिवाय कित्येक पेशी भिंतींना चिकटून मोजणीतून निसटतात. शस्त्रक्रिया संपता संपता संख्या चढू लागते. अस्थिमज्जेतून, म्हणजे हाडांच्या आतल्या कोठारातून, नव्या आणि कोवळ्या पेशींची भरती होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत बारा, पंधरा, प्रसंगी अठरा हजारांचे आकडे आम्ही अनेक कागदांवर पाहिले आहेत. त्यानंतर ते हळूहळू उतरावयास हवेत. लिम्फोसाइट पेशींचे मात्र उलट होते. त्यांची संख्या घटते आणि त्यांचे काम कित्येक दिवस मंदावते. म्हणजे शिपाई खवळलेले आणि ओळख ठेवणारे झोपलेले, अशी ही स्थिती. या काळात खरा जंतू आला तर तो लवकर फावतो.

यातील सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. छातीचे हाड चिरणे, हृदय थांबविणे, थंड करणे, पुन्हा सुरू करणे, या प्रत्येकाने दवंडी पिटली जातेच. यंत्राविना धडधडत्या हृदयावर शस्त्रक्रिया केली तरी पांढऱ्या पेशी खवळतात; प्रमाण कमी असते इतकेच.

आता आम्ही आमची चूक सांगतो, कारण ती सांगण्यासाठीच हे व्याख्यान स्वीकारले. आमच्या मावसभावाची झडप बदलली होती. दुसऱ्या दिवशीचा कागद आला. पेशी सोळा हजार. आम्ही धीर दिला आणि तो खरा ठरला. तो सुखरूप परभणीस आला. बाराव्या दिवशी वहिनींनी फोन केला, "भाऊजी, पुन्हा सोळा हजार लिहिले आहेत, आणि अंग थोडे कोमट लागते." आम्ही पुस्तकी ज्ञानाच्या तोऱ्यात म्हणालो, "काळजी करू नका, यंत्राचा परिणाम आहे." जखम पाहिली नाही, नाडी पाहिली नाही. दोन दिवसांनी छातीच्या टाक्यांतून पू आला. त्यास पुन्हा न्यावे लागले, जखम उघडावी लागली, तीन आठवडे तो अंथरुणास खिळला. तो वाचला, हे त्याचे दैव आणि तेथील डॉक्टरांचे कौशल्य. आकडा तोच होता, सोळा हजार. परंतु दुसऱ्या दिवशीचा सोळा हजार आणि बाराव्या दिवशीचा सोळा हजार यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही, ज्याने जन्मभर तेच आकडे लिहिले, विसरलो होतो. तेव्हापासून फोनवर कागद वाचणे आम्ही बंद केले. उतरलेला ताप पुन्हा चढला, टाक्यांतून स्राव आला, छातीचे हाड हालल्यासारखे वाटले, धाप लागली, तर आमच्याकडे अथवा ओळखीच्या कोणाकडे न येता ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे त्याच दिवशी जावे.

या खवळलेल्या पेशी शांत ठेवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. पूर्वी रक्तातून प्राणवायूचे बुडबुडे सोडीत. तो प्रकार मागे पडून पडद्यातून वायू देणारी फुप्फुसे आली. नळ्यांना आतून हेपॅरिनचा लेप देतात. नळ्या आखूड करून क्षारद्रव कमी लागेल असे पाहतात. पांढऱ्या पेशी गाळून काढणाऱ्या गाळण्याही लावून पाहिल्या. त्यांचा लाभ निर्विवाद सिद्ध झाला नाही. सर्वांत मोठी आशा स्टेरॉइड औषधांची होती, कारण ती दाह दडपतात हे ठाऊकच आहे. नेदरलँड्समध्ये ४,४९४ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली आणि अठरा देशांतील ७,५०७ रुग्णांवरील प्रयोगाचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. सरसकट सर्वांना ही औषधे दिल्याने मृत्यू व मोठे उपद्रव कमी होतात असे दोन्हींत दिसले नाही. राखणदाराला झोपविले तर चोराचेही फावते, असा याचा अर्थ असावा असे आम्हांस वाटते. पण हे आमचे मत, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या मंडळाने विशेष लक्षात घ्यावी. शस्त्रक्रियेस रक्त लागते. अशा वेळी बाप, भाऊ, मुलगा पुढे होऊन म्हणतात, आमचेच रक्त द्या, घरचे आहे. भावना उदात्त आहे. परंतु दिलेल्या रक्तात दात्याच्या पांढऱ्या पेशीही असतात. परक्याच्या पेशी आल्या की रुग्णाच्या लिम्फोसाइट त्यांस ओळखून नष्ट करतात. जवळच्या नातलगाच्या पेशींवरील खुणा मात्र रुग्णाच्या खुणांशी इतक्या जुळू शकतात की यजमानास पाहुणा परका वाटतच नाही. पाहुण्यास मात्र यजमान परका वाटतो. मग तो तेथेच वाढतो आणि रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, अस्थिमज्जेवर उलटतो. जपानमध्ये हृदयशस्त्रक्रियेनंतर बरे होत आलेले काही रुग्ण आठ-दहा दिवसांनी ताप येऊन, अंग लालबुंद होऊन दगावत. त्याचे कारण हेच, असे १९८९ साली तेथील डॉक्टरांनी जगापुढे मांडले. ताजे रक्त, बहुधा नातलगांचे, देण्याची तेथे रीत होती. हा प्रकार विरळा आहे, पण झाला तर रुग्ण क्वचितच वाचतो. अशा रक्तावर किरणांचा मारा करून त्यातील पांढऱ्या पेशींची वाढ थांबविता येते. ती सोय प्रत्येक रक्तपेढीत असेलच असे नाही. आणि आपली सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या त्याच शंभर घरांत, मामाची मुलगी केल्याची उदाहरणे तर या सभागृहातच बसली आहेत. तेव्हा 'घरचे रक्त' या शब्दाचा अर्थ आपल्याकडे इतरांपेक्षा जरा अधिकच खरा आहे.

म्हणून चिटणीसांपुढे आम्ही एक सूचना ठेवली आणि त्यांनी ती मान्य केली. रुग्णाच्या बापाने, भावाने, मुलाने रक्त अवश्य द्यावे, पण ते रक्तपेढीत जमा करून. ते दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल आणि आपल्या रुग्णास दुसऱ्या कोणाचे मिळेल. रक्त देताना आपले रुग्णाशी नाते काय, हे पेढीतील डॉक्टरांना न विचारता सांगावे. प्रवेशद्वारापाशी मेजावर मंडळाच्या रक्तदात्यांची वही ठेवली आहे. नाव, गाव, रक्तगट आणि फोन यांच्या पुढे यंदा आणखी एक रकाना आखला आहे, तो नात्यागोत्याचा. मानवत, सेलू, पाथरी, गंगाखेड येथून आलेल्या मंडळींनी परतीच्या गाडीची घाई करण्यापूर्वी तो भरावा. चहा तयार असल्याची खूण व्यवस्थापक मघापासून करीत आहेत. ज्यांना काही विचारावयाचे आहे त्यांनी चहा घेऊन त्या मेजाशी यावे. आम्ही तेथेच बसतो.